वासाचा रकाना

१

डब्याची कडी टक्‌ करून उघडली आणि घरातली तासाभराची शांतता तिथंच संपली.

दुर्गा खिडकीपाशी कोरा कागद घेऊन बसली होती. चंद्रपुरातली एप्रिलची दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरमधलं पाणीही संपत आलेलं. पोर झोपली असं समजून तिनं लिहायला घेतलं होतं. पोर झोपली नव्हती. स्वयंपाकघरात स्टूल ओढून जंगो ओट्याशी उभी होती आणि आईचा कारखान्यातून आलेला डबा तिनं उघडला होता. शाळेच्या वहीवर तिचं नाव जान्हवी. जंगो हे आजीनं देवीच्या नावावरून ठेवलेलं, आणि पाच वर्षांच्या त्या पोरीला तेच शोभायचं.

"आई, लाडू जळला," ती म्हणाली.

डब्यात लाडू नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, मुठीएवढा, कोळशासारखा काळा गोळा होता. दुर्गा उठून पोहोचेपर्यंत जंगोनं त्याला नाक लावलंही होतं.

"आजीच्या घरचा वास येते याले. मोहाचा."

"नाही येत," दुर्गा म्हणाली. ती इतकं तोडून बोलली की पोरीचा चेहरा उतरला. दुर्गानं डबा बंद केला, पोरीचं नाक साबणानं दोनदा धुतलं, तिला पोटाशी घेऊन थोपटलं. थोपटताना तिच्या लक्षात आलं की आपण अजून गोळ्याचा वास घेतलेलाच नाही. काल दुपारी कारखान्यातल्या यंत्रातून निघाल्यापासून तो आपल्याजवळ आहे, आणि आपण तो एकदाही नाकाजवळ नेलेला नाही.

दुर्गा मडावी वामनरावांच्या कारखान्यात इंजिनिअर होती. तिथं बांबूची भुकटी आणि पीव्हीसी एकत्र मळून दारांच्या चौकटी निघायच्या. हे काम करणाऱ्या यंत्राला कारखान्यात एक्सट्रूडर म्हणत. पोंभुर्ण्याकडच्या ज्या बाया भुकटी पाठवायच्या, त्या त्याला मोठा सोऱ्या म्हणायच्या, आणि ते काही चूक नव्हतं. फक्त या सोऱ्यात वरून दाबणारा दांडा नव्हता. लांब पोलादी नळीत दोन स्क्रू शेजारी शेजारी फिरायचे आणि त्यांच्या दांड्यांवर बांगड्यांसारखे तुकडे ओवलेले असायचे. काही तुकडे माल पुढं ढकलणारे, काही मळणारे.

अवघड होतं ते पीठ. शंभरात साठ भाग भुकटी, चाळीस भाग प्लास्टिक. त्यात हे प्लास्टिक मोठं नाजूक. ऊब कमी पडली तर वितळत नाही, थोडी जास्त झाली तर सडतं, आणि सडताना नाकाडोळ्यांना जाळणारा वायू सोडतं. जास्त मळलं तर मळण्याच्या घर्षणानंच तापतं. कमी मळलं तर भुकटीच्या गाठी राहतात. म्हणून दुर्गानं भुकटी तोंडाकडून टाकायची नाही असं ठरवलं. प्लास्टिक आधी एकटंच मऊ होऊ द्यायचं, मग नळीच्या मध्यावर बाजूच्या फीडरनं भुकटी सोडायची, पाच मळणाऱ्या तुकड्यांत एकजीव करायची, आणि वाफ निघायला पुढं एक खिडकी. कुठला तुकडा कुठं बसेल ते तिनं आठ महिने आकडेमोड करून ठरवलं होतं, जंगो मांडीवर झोपलेली असताना.

मंगळवारी साडेअकराला यंत्र तुंबलं. अकरा वर्षं ते चालवणाऱ्या इसरू कोडापेनं वाफेच्या खिडकीचं झाकण उघडलं आणि त्यावर वाकला. आतून वायूचा लोट आला. डोळे वाचले, छाती हळूहळू बरी होईल असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या तोंडावर मास्क नव्हता.

वामनरावांनी चौकशी दुर्गाकडं दिली. शनिवारी दुपारी बारापर्यंत अहवाल. त्यात एक रकाना होता, कारण. इसरूनं दवाखान्यातल्या खाटेवरून आपली चूक कबूल केलीय, तुम्ही फक्त लिहायचं, असं ते म्हणाले होते. त्याचं नाव लिहिलं की दवाखान्यातून कंपनी हात काढणार आणि इसरूला गेट कायमचं बंद होणार.

दुसऱ्याचा मास्क हनुवटीवर दिसला तरी इसरू अख्ख्या शेडसमोर त्याची हजामत करायचा. मग त्यानं स्वतःचा का काढला?

२

गुरुवारी सकाळी जंगोला शेजारच्या जरीनाच्या घरी सोडून दुर्गा कारखान्यात गेली. नवरा लोकेश नागभीडला रेल्वेत, तो रविवारीच यायचा. जरीना प्रेमानं पोर सांभाळायची, तरी दाराशी हात सोडवून घेताना दुर्गाला रोज थोडं चोरासारखं वाटायचं.

शेडचा सुपरवायझर निकेश सकाळपासून तिच्या वाटेतून बाजूला होत होता. तिनं यंत्राच्या पडद्यावर मंगळवारची नोंद काढली. नळीचं तापमान सरळ रेषेत, एकशे पासष्टवर. म्हणजे इसरूनं आच वाढवलेली नव्हती. स्क्रूच्या वेगाची रेषा मात्र एका ठिकाणी पायरीसारखी वर गेली होती. एकशे ऐंशीवरून दोनशे वीस.

निकेशला बोलावलं. आधी त्याला काही आठवेना; मग वीज कमीजास्त झाली असेल म्हणाला; मग तिनं पडदाच त्याच्याकडं वळवला तेव्हा खाली बसला. यंत्राला जड जायला लागलं, वेग वाढवला की निघून जाईल असं त्याला वाटलं होतं.

"मॅडम, मी मारलं का इसरूभाऊले?"

"ते मेले नाहीत. वेग किती वाजता वाढवलास?"

"अकरा वीसले."

दुर्गानं मोटरच्या भाराची रेषा त्याच रेषेखाली लावली. भार चढायला लागला होता दहा पन्नासला. निकेशनं हात लावायच्या अर्धा तास आधीच आत काहीतरी अडलं होतं. त्यानं चूक केली होती, पण नंतरची. हे ऐकून तो पोरगेला बाप्या भिंतीकडं तोंड करून नाक पुसत राहिला.

टेबलावर भुकटीच्या तपासणीची वहीसुद्धा पडली होती. दर लॉटमागं एक ओळ आणि शेवटी सही. दुर्गानं ती उघडली नाही. सगळ्या सह्या तिच्याच होत्या. त्यात पाहायचं काय.

ती दुरुस्तीच्या खोलीत गेली. फिटर मन्सूरनं दोन्ही दांडे बाहेर काढून जुन्या चादरीवर तुकडे ओळीनं मांडले होते. दुर्गानं नकाशा शेजारी ठेवून बोटानं मोजायला सुरुवात केली. ढकलणारे बरोबर होते. मळणारे मोजले. पुन्हा मोजले.

नकाशात दांड्यामागं पाच होते. चादरीवर चार.

३

मन्सूर पन्नाशीचा, बोलघेवडा माणूस. त्या दिवशी तो कानस पुसण्यात फारच गुंतला होता.

दुर्गानं पाचवा तुकडा कुठंय ते विचारलं नाही. नकाशा त्याच्यासमोर पसरला. शेवटी मन्सूरनंच खालचा खण ओढला आणि फडक्यात बांधलेली जोडी बाहेर काढली.

"महिना झाला काढून," तो म्हणाला. "इसरूनंच सांगतलं. म्हणे, मन्सूरभाई, माल लय रगडून राह्यला, एक कमी करून पाहू. पाह्यला. मस्त निघाला माल."

"मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगू बाई? तुम्ही लेकराले मांडीवर घेऊन ते चित्र काढलं. इसरू म्हणे, तिले बुरा वाटन. तिचं नाव होऊन राह्यलं, होऊ दे."

दुर्गाचा नकाशा गरजेपेक्षा कडक होता, हे शेडमध्ये महिनाभर दोन माणसांना ठाऊक होतं. तिच्या अभिमानाला धक्का नको म्हणून त्यांनी यंत्र लपूनछपून सुधारलं होतं. अशी लपवाछपवी कुठल्या कारखान्यात चालत असेल कोण जाणे, इथं चालत होती.

पण हिशेब सरळ होता. मळणारा तुकडा कमी म्हणजे घर्षण कमी, म्हणजे माल आधीपेक्षा थंड. मन्सूरनं काढलेल्या तुकड्यामुळं माल जळणं शक्यच नव्हतं, झाला तर बचावच झाला असता. आच इसरूनं वाढवलेली नाही. वेग निकेशनं वाढवला, पण उशिरा. मग जळलं कशानं?

"सुरुवात कुठून झाली, दाखव," ती म्हणाली.

मन्सूरनं दांड्यावरचा माल खरवडला नव्हता, तसाच ठेवला होता; तेवढी समज त्याला होती. तोंडाकडून मध्यापर्यंत प्लास्टिक दुधासारखं पांढरं. बाजूनं भुकटी जिथं आत येते, त्याच्यापुढच्या पहिल्या मळणाऱ्या तुकड्यावर काळं कडं. पातेल्याच्या बुडाला लागावं तसं चिकटलेलं, थरावर थर. तिथून पुढं सगळं काळं.

प्लास्टिक एकटं होतं तोवर काही झालं नव्हतं. बाजूनं जे आत आलं, ते पोलादाला चिकटून बसलं, जागचं हललं नाही, आणि जळलं. जळताना त्यानं प्लास्टिकलाही सडवलं.

"भुकटी," मन्सूर हळूच म्हणाला. मग घाईनं म्हणाला, "पन भुकटी तं तुमच्याच मायच्या गावची ना?"

४

दवाखान्यात इसरू भिंतीला टेकून बसला होता. नाकावर नळी, डोळे लाल. दुर्गाला पाहून त्यानं खाटेवरची जागा झटकून दिली. तो तिच्या माहेराच्या शेजारच्या गावचा. कारखान्यात सगळ्यांसमोर तो तिला बाई म्हणायचा, एकटी असली की पोरी.

तिनं त्याला निकेशचं सांगितलं, मन्सूरचं सांगितलं. तुकड्याचं निघाल्यावर तो ओशाळून हसला आणि खोकला. मग तिनं मास्कचं विचारलं.

"गरम होऊन राह्यलं होतं," इसरू म्हणाला.

"अकरा उन्हाळे नाही झालं गरम?"

"बुढा झालो आता. लिव ना पोरी माह्यं नाव. मले काय, मी घरी मस्त राह्यतो. दोन बकऱ्या पाह्यतो."

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा यांचं बोलणं उघड उघड ऐकत होता. इसरूनं पाण्याचा घोट घेतला. ग्लास ठेवताना, जणू सहज आठवल्यासारखं, त्यानं विचारलं, "ते उरलेलं पोतं फेकलं का तुम्ही? भुकटीचं?"

"नाही. का?"

"फेकून दे. कोनाले पाहू देऊ नको."

तिनं वर पाहिलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले होते. झोपल्याचं सोंग त्याला मुळीच जमत नव्हतं.

५

उरलेलं पोतं लॉट चौदाचं होतं. दुर्गानं त्यातली ओंजळभर भुकटी एका पिशवीत घेतली, आधीच्या तेराव्या लॉटमधली दुसऱ्या पिशवीत, आणि घरी आणली. प्रयोगशाळेत नेली असती तर चार लोकांनी पाहिलं असतं. आपण इसरूचंच ऐकतोय, हे तिला कळत होतं.

संध्याकाळी तिनं दोन तवे चढवले. एक नेहमीचा, एक जरीनाकडून मागून आणलेला. दोन्हींवर सारखी चिमूट, खाली सारखी मंद आच.

"काय भाजून राह्यली?" जंगोनं विचारलं.

"पीठ."

"कोनाची पोळी?"

तेराव्या लॉटची भुकटी हळूहळू पिवळी झाली, ओल्या लाकडासारखा वास आला, बस. चौदाव्याची आधी ओलसर दिसायला लागली. मग तिच्या बारीक गोळ्या झाल्या, गोळ्या तव्याला चिकटल्या, तपकिरी झाल्या आणि बघता बघता काळ्या. उलथन्यानं निघेनात. धूर वर आला.

आता नाक वळवायला जागा नव्हती. गोड, आंबूस, जड वास. गुळाचा पाक उतू जावा तसा, आणि त्याच्यामागं पहाटेचं जंगल.

दुर्गानं कोरडी चौदावी भुकटी कोमट पाण्यात कालवली, गाळली आणि त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. गोड होतं.

साखर. मोहाच्या फुलांची साखर. मळणाऱ्या तुकड्यापाशी पाक झाला, पाकानं भुकटीच्या गाठी धरल्या, गाठी पोलादाला चिकटल्या. उरलेल्या मालाला पुढं जायला वाट राहिली नाही.

"मी म्हनलं होतं ना," जंगो स्टुलावरून म्हणाली. "तू माह्यं नाकच धुवून टाकलं."

६

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं दोघी पोंभुर्ण्याला उतरल्या आणि तिथून ऑटोनं गावात गेल्या. कलाबाई, दुर्गाची माय, मागच्या अंगणात होती. अंगणभर मोह पसरलेला. पहाटे वेचलेला पिवळसर पांढरा, कालचा सुकून लालसर झालेला. जंगो चपला दाराबाहेर काढून आत पळाली. तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

मोह पसरला होता निळ्या ताडपत्रीवर.

दुर्गाला ती ताडपत्री ओळखीची होती. मागच्या दिवाळीत तिनंच गटाला आणून दिली होती. सहा बायांचा गट. बांबू चिरायचा, दळून आणायचा, चाळायचा, वाळवायचा. पहिल्या लॉटमध्ये माती आली तेव्हा तिनं सगळ्यांना बसवून समजावलं होतं की यंत्राला घाण चालत नाही. भुकटी वाळवायची ती स्वच्छ जागी, अगदी स्वच्छ, ही ताडपत्री फक्त त्यासाठी.

तिनं मायला विचारलं, गेल्या लॉटची भुकटी कशावर वाळवली.

"ह्याच्यावरच. तू देल्ली ना," कलाबाई म्हणाली. हातातलं काम तिनं थांबवलं नाही. "आधी मोह उचलला, अन् मंग भुकटी टाकली."

"पण माय, मी म्हटलं होतं, फक्त भुकटीसाठी."

"तू म्हनली साफ जागा पाह्यजे." कलाबाईनं आता मान वर केली. "सारा फागुन ते ताडपत्री ओसरीत पडून होती. कोंबड्या बसे तिच्यावर, कुत्रं झोपे. मी बाकीच्या बायांले म्हनलं, पोरीनं साफ सांगतलं. मंग धुतली, अन् आधी मोह टाकला तिच्यावर. मोह पडला त्या जागेवर कोनी पाय देते का? चप्पल घालून जाते का? तिथी कोंबडी येऊ देतो का आमी? मोहापेक्षा साफ काय आहे, सांग."

दुर्गा याच अंगणात वाढली होती. मोह गळायला लागायच्या आधी झाडाखालची जागा झाडून घ्यायची, पहिली फुलं देवाला दाखवल्याशिवाय तोंडात टाकायची नाहीत, वेचताना शिवी द्यायची नाही. साफ म्हणजे काय, हे तिनं कारखान्याच्या भाषेत सांगितलं होतं आणि बायांनी आपल्या भाषेत ऐकलं होतं. बायांनी हयगय केली नव्हती. त्यांच्याजवळ होती ती सगळ्यात पवित्र जागा त्यांनी यंत्राला दिली होती. फुलांचा रस ताडपत्रीवर वाळून पापुद्रा झाला असणार, आणि भुकटी ओढताना लाकडी दंताळ्यानं तो सगळा खरवडून आत आला असणार.

इसरूचं काय झालं ते तिनं मायला सांगितलं. कलाबाई ऐकत गेली तसे तिचे हात सावकाश मांडीवर आले.

"आमच्यानं झालं मंग," ती म्हणाली.

"तसं नाही, माय."

"पन पोतं आत जायच्या आधी तू पाह्यते ना? तू तं म्हनत होती, माह्या सहीशिवाय जात नाई."

७

वही शेवटी तिनं शनिवारी सकाळी उघडली.

रकाने तिनंच आखलेले. ओलावा, रंग, वास. वासाचा रकाना तर खास तिचा. या गटाच्या आधी, पावसाळ्यात एकदा दुसरीकडून बुरशी लागलेली भुकटी आली होती, तेव्हापासूनचा. नाकाएवढं लवकर काहीच सांगत नाही, असं तिनं वामनरावांना पटवलं होतं. तेरा लॉटपुढं तेरा वेळा एकच शब्द, ठीक. चौदाव्यापुढं तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, छान.

सोमवार होता तो. जंगोला रात्रभर ताप, तरी तिला जरीनाकडं ठेवून ती आली होती. पोर दारात रडत उभी होती. गोदामात तिनं पोत्याची शिवण कापली, कोपरापर्यंत हात आत घातला, तोंड जवळ नेलं, आणि एकदम मायचं अंगण समोर आलं. तिथं पोरीला कुणी परक्या दारात सोडत नाही, तिथं आपणही कुणाच्या तरी मांडीवर असतो. ती तशीच उभी राहिली, मिनिटभर, कदाचित जास्त. बांबूला असा वास नसतो हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि लक्षात येणं यांच्यामध्ये ते अंगण आलं. मग तिनं डोळे पुसले, छान लिहिलं आणि सही केली.

आणि इसरूचं कोडंही तिथंच सुटलं. मास्कमधूनही त्याला तो वास लागला असणार. मोहाच्या माणसाला तो लागतोच. यंत्रातून मोह कसा, म्हणून खात्री करायला त्यानं मास्क काढला आणि नाक खिडकीवर नेलं. खात्री झाली. वायू आत जाता जाताच त्याला कळलं असणार की पोती कुणाच्या गावची आणि त्यावर सही कुणाची. म्हणून गरमीचं कारण, म्हणून पोतं फेकून दे.

अकरा वाजता ती वामनरावांसमोर बसली. त्यांनी अहवाल दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, भुकटी पुरवणाऱ्यांचं नाव घाला ना, विषय संपेल, दुसरा गट शोधू. ते वाईट माणूस नव्हते, फक्त घाईत होते.

"त्यांनी जे पाठवलं ते पाहून परत करायचं काम माझं होतं," दुर्गा म्हणाली. "वास मला आला होता, साहेब. मी तो आत घेतला आणि पोतं सोडलं."

कारण या रकान्यात तिनं आपलं नाव लिहिलं होतं. खाली आणखी दोन ओळी होत्या. मळणारे तुकडे पाच नव्हे, चार पुरेत, आणि हे आधी इसरू कोडापेनं ओळखलं. आणि गटाला भुकटीसाठी वेगळ्या रंगाची ताडपत्री द्यावी आणि मोहाच्या दिवसांत माल आणू नये.

दवाखान्याचं कंपनी पाहील, इसरूनं बरा झाला की कामावर यावं, असं वामनराव म्हणाले. भुकटीच्या तपासणीवर यापुढं दुर्गाची सही चालणार नाही. यंत्रालाही तूर्त तिनं हात लावायचा नाही, गोदामात बसायचं. ती बरं म्हणाली. बाहेर आल्यावर हलकं वाटेल अशी तिची कल्पना होती. वाटलं नाही.

८

मे लागला तेव्हा इसरू घरी आला होता. रविवारी दुर्गा जंगोला घेऊन त्याच्या गावी गेली. मनात एकच गोष्ट होती. वायूनं इसरूचं नाक गेलं होतं, त्याला कसलाच वास येत नव्हता; डॉक्टर म्हणाले होते, वास परत येईलही, न येईलही. नाकाचं काही सांगता येत नाही.

इसरू अंगणात बाजेवर बसला होता. गोदामाची बातमी त्याला मन्सूरकडून कळली होती. त्यानं दुर्गाला चांगलंच फैलावर घेतलं. काऊन लिहिलंस आपलं नाव, मी निभावून नेत होतो ना. मग तिनं धीर करून नाकाचं विचारलं.

"येते ना," तो लगेच म्हणाला. "हळूहळू. काल भाजीचा आला. आज सकाळी मोहाचा आला. तू कायले जीवाले लावून घेते? झालं ते झालं."

गेल्या महिनाभरात पहिल्यांदा दुर्गाच्या छातीतून पूर्ण श्वास बाहेर पडला. इसरूच्या बायकोनं चहा टाकला, ती तिच्याशी बोलायला आत गेली. बाहेरून जंगोचा आवाज येत होता. आजोबा, डोळे मिटा, ओळखा माह्या हातात काय आहे. मग इसरूचं मोठ्यानं श्वास ओढणं, मग त्याचं हसणं. "मोह! मस्त वास येऊन राह्यला, वा." पोरीच्या टाळ्या काही ऐकू आल्या नाहीत.

निघताना ऊन कलतं झालं होतं. ऑटोच्या फाट्यापर्यंत जंगो गप्प चालली. एरवी तिचं तोंड मिटत नसे. फाट्याशी तिनं आईचा पदर ओढला आणि दोन्ही रिकामे तळवे वर करून दाखवले, मघाशी दाखवले असतील तसे.

"आई, माह्या हातात तं काहीच नव्हतं. मग आजोबा मोह काऊन म्हनले?"